अर्धा तास बसावं लागतं

दमेकऱ्यांसाठी आणि शुगरवाल्यांसाठी फ्लूची लस फ्रीजमध्ये येऊन पडली होती, आणि आमची सिस्टर ती कुणाला विचारतच नव्हती. शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या त्या दवाखान्यात डॉक्टर मी, पण टोचायचं काम तिचं. मी गोडीनं सांगून पाहिलं, चिडून पाहिलं. ती "हो मॅडम" म्हणायची आणि पेशंटला गोळ्या देऊन वाटेला लावायची.

शेवटी एकदा मी भडकलेच. तिनं खिडकीबाहेर बोट केलं. फाटकाशी जीप उभी होती.

"लस दिली का रिॲक्शन बघायला अर्धा तास बसवायचं. जीप थांबते का? शीट भरली का चालली. मंग ही मान्सं पाड्यावर जातील कशी, उडून?"

वरून विचारणा, लस पडून का आहे. आणि इथे ही, माणुसकीपायी माणसं लवकर मोकळी करणारी. इकडे आड, तिकडे विहीर.

समोर बाकावर एक आजी होती. चुलीच्या धुरानं छाती कायमची गेलेली. मागच्या पावसाळ्यात साध्या तापानं तिला धरलं आणि ऑक्सिजन लावून ठाण्याला पाठवावं लागलं. यंदा तसं झालं तर ती परत येईल, असं मला वाटत नव्हतं. हॉर्न वाजला तशी ती पिशवी घेऊन उठली.

मी धावत जाऊन जीपवाल्याला थांब म्हटलं.

"पोटावर पाय नका देऊ, मॅडम." तो हसत होता, पण इंजिन चालूच.

तेवढ्यात मागून सिस्टर आली. तो तिच्याच गावचा, शुगरच्या गोळ्या तिच्याच हातून नेणारा.

"तुला शुगर हाय ना? चल, पयली तू घे."

"नंतर घेतो गो."

तिनं हात घालून चावी काढली आणि खिशात टाकली. जीपमधली माणसं हसायला लागली. तोही हसला, उतरला, बाही वर करून आत आला.

मग ती आजीकडे वळली. "आजी, तुमी घेता लस?"

"नि गाडी?"

"गाडीवाला अर्धा तास हलत नाय."

आजी पिशवी खाली ठेवून बसली.

पुढच्या खेपेला जीप फाटकाशी आलीच नाही, लांब नाक्यावर उभी राहिली. मी कपाळाला हात लावला. सिस्टर चपला घालून नाक्याकडे निघालीसुद्धा होती.