कॉफीच्या रश्शातला हॅम

कुवेतच्या फहाहीलमधल्या आमच्या खोलीत भांडी मोजकी आणि किस्से ढीगभर! त्यातले निम्मे माझ्या थोरल्या भावाचे. भाई या उन्हाळ्यात कामावरच हार्ट अटॅकनं गेला. भेटायला येणारा तोंड पाडून येतो, "तुला सांगतो, एकदा तुझ्या भाईनं..." म्हणून सुरू करतो आणि हसत हसत निघून जातो. मग रडायला मी एकटा उरतो. म्हटलं, आता मीच सांगतो!

*

भाई जवळच्याच मीना अब्दुल्ला नावाच्या भागात, कामगारांच्या एका कॅम्पात कुक होता. तिथले सुपरवायझर जिमसाहेब म्हातारे, अमेरिकेच्या दक्षिणेकडचे. त्यांना आईच्या हातचा हॅम आणि ग्रेव्ही सारखी आठवायची. हॅम म्हणजे डुकराची मांडी. कुवेतमध्ये डुक्कर बंद, आणि आमचा भाई पाच वेळचा नमाजी!

भाई म्हणाला, "साहेब, जनावर माझं, पद्धत तुमची."

त्यानं बकऱ्याची मांडी आणली, मीठ-गूळ चोळून फ्रिजमध्ये मुरवली, निखाऱ्यांवर धुरी दिली. काप तव्यावर परतले आणि तव्याला लागलेल्या खरपुडीत काळी कॉफी ओतली. होय, कॉफी! साहेबांच्या गावची ग्रेव्ही तशीच असते म्हणे. पुढे दर शुक्रवारी आमच्या खोलीतही तेच.

*

आमचे रूममेट काशिनाथकाका नाशिकचे, रिफायनरीत फोरमन. मटणात कॉफी पडताना पाहून ओरडले, "अरे, उद्या चहात बोंबील घालशील!"

भाईनं एक काप पुढे केला. काकांनी तो तोंडात टाकला. पुन्हा पुन्हा वाढून घेतल्यावर म्हणाले, "कॉफी जरा कमीच पडली हां!"

*

धुरी द्यायची बाल्कनीत. एकदा धूर बघून इमारतीचा इजिप्शियन रखवालदार आग विझवायचा सिलिंडर घेऊन धावत वर आला. भाईनं त्याच्या हातातला सिलिंडर काढून घेतला आणि प्लेट दिली. तेव्हापासून शुक्रवारी धूर दिसला नाही की तोच बेल वाजवायचा, "आज आग नाही?"

*

रजेवर रत्नागिरीला गेला तेव्हा भाईनं घरीही हॅम केला. अम्मी म्हणाली, "मटणात कॉफी? तुला तिथं कुक केलं कुणी?"

भाई नमाजला गेला आणि भाभीनं गुपचूप त्या ग्रेव्हीला खोबऱ्याचं वाटप लावलं. सगळा मोहल्ला बोटं चाटत बसला. भाई छाती फुगवून सांगतोय, "अमेरिकेची रेसिपी!" आणि भाभी ओढणीत तोंड लपवून हसतेय.

अजून फोनवर हे निघालं की ती आधी हसते. मग फोन अम्मीकडे देते.

*

गेल्या आठवड्यात जिमसाहेब आले. नोकरी संपवून कायमचे घरी चाललेत. भाईच्या पलंगाकडे बघत बसले. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "साहेब, शुक्रवारी जेवायला या. भाईचा हॅम मी करतो!"

काकांनी ते साहेबांना इंग्रजीत सांगितलं आणि माझ्या कानात कुजबुजले, "अरे, तुला अंडं तरी उकडता येतं का?"

येत नव्हतं. भाईनं मला कांद्याच्या पुढे कधी जाऊच दिलं नाही. पण आता भाईच्या नावाचा प्रश्न होता. साहेब जाताना तोंडात जी चव नेणार, ती माझ्या हातची!

शुक्रवारी मटण खारट झालं, एका बाजूनं करपलं. कॉफी ओतायची वेळ आली, तर डब्यात कॉफीच नाही! घाईघाईत थ्री-इन-वनची पाकिटं फोडून ओतली. दूध-साखरेसकट! ग्रेव्हीची खीर झाली.

काकांनी एक घास घेतला आणि पाणी शोधायला लागले. साहेब मात्र सावकाश खात होते. प्लेट संपली. मग इंग्रजीत काहीतरी लांबलचक बोलले. माझी शाळा सातवीतच सुटलेली, मला काही कळेना.

"काका, काय म्हणतात? घालवलं ना मी भाईचं नाव?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "म्हणतात, तुझ्या भावानं पहिल्यांदा केलं होतं, ते त्यांनी मांजराला घातलं. मांजर हुंगून निघून गेलं."

"आणि?"

"आणि म्हणतात, ग्रेव्ही वाढ."