उजव्या हाताची बाही

इनास परेरा गेल्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलमध्ये वारले. वय त्र्याऐंशी. कारण हृदयविकार. त्यांची मुलगी लवीना त्या वेळी खोलीत होती. तिचा फोन आला तेव्हा मी पॅरामॅटाच्या ऑफिसात नुकताच पोचलो होतो. तिने वेळ सांगितली, फ्युनरल शुक्रवारी असल्याचं सांगितलं, मग म्हणाली, "तू लिहिशीलच डॅडबद्दल. लिही. फक्त तो शब्द परत नको, ओके?" कोणता शब्द, हे मी विचारलं नाही. तो मीच आठ वर्षांपूर्वी छापला होता.

परेरा मूळचे वसईचे. ऐन विशीत बोटीने इंग्लंडला गेले, तिथे एका फिल्म स्टुडिओच्या कॅंटीनमध्ये भांडी घासायचं काम मिळालं, तिथेच लग्न झालं, आणि काही वर्षांनी दोघं ऑस्ट्रेलियात आले. पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्यात क्रेन चालवून ते निवृत्त झाले. पत्नीला जाऊन अकरा वर्षं झाली. इथपर्यंतच्या सगळ्याची कागदपत्रं आहेत आणि ती मी पाहिली आहेत. मी पुण्यात एका दैनिकात दहा वर्षं उपसंपादक होतो. इथे नोकरी वेगळी, पण सिडनीतल्या मराठी मंडळींच्या त्रैमासिकात गेलेल्या माणसांवर लिहायचं काम माझ्याकडे आलं. म्हणून परेरा मला 'पेपरवाले' म्हणत. भेटलो की पहिला प्रश्न ठरलेला असे: "काय पेपरवाले, या वेळी कोण?" माझं नक्की झालं की आधी तुला कळवतो, हेही ते दर वेळी सांगत.

ओळख झाली ती वसईकरांच्या ख्रिसमसच्या जेवणात. कुणीतरी जुन्या ब्रिटिश विनोदी चित्रपटांचा विषय काढला. त्यातली एक मालिका बरीच वर्षं चालली होती. समुद्रकाठचं एक मोडकळीला आलेलं हॉटेल, दर चित्रपटात नवे पाहुणे, नवे नायक-नायिका, पण स्वयंपाकीणबाई, हमाल, माळी, हिशेबनीस अशा कामांना तेच आठ-नऊ दुय्यम नट. लोक तिकीट काढायचे ते त्यांच्यासाठीच. एक पाहुणाही पुन्हा पुन्हा यायचा: हिंदुस्थानातले राजेसाहेब. परेरा फुगा, म्हणजे वसईकरांचा गोल तळलेला पाव, मोडता मोडता म्हणाले, "त्या राजेसाहेबांचं काम माझ्याकडे होतं." टेबलावर कुणी हसलं नाही. फुग्यांचं ताट पुढे सरकलं. घरी जाताना गाडीत मला दोघांनी सांगितलं की अंकल हे दर ख्रिसमसला सांगतात, मनावर घ्यायचं नाही.

त्यांच्याबद्दल संशय घ्यायला आणखी एक कारण होतं. ते नेहमी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत. डावी बाही कोपरापर्यंत दुमडलेली, उजवी मात्र मनगटाशी बटण लावून बंद. समुद्रावरच्या बार्बेक्यूत तसंच, लिंबाच्या झाडाची छाटणी करताना तसंच. लवीना दोन वर्षं डार्विनच्या हॉस्पिटलात नोकरीला होती. तिच्याकडे ते ऐन पावसाळी उकाड्यात गेले, तेव्हाही तसंच. गाडी चालवताना तर ते कफ एकदा ओढून पाहत, कारण खिडकीकडचा हात तोच. मंडळात याचे अनेक अर्थ लावले गेले. कुणी म्हणे कोड आहे. कुणी म्हणे कुणा गोऱ्या बाईचं नाव गोंदलेलं आहे. एका गृहस्थांनी तर इंग्लंडमधल्या तुरुंगापर्यंत मजल मारली. मनातून मीही संशय घेणाऱ्यांच्याच बाजूचा होतो. जो माणूस एक गोष्ट झाकतो, त्याची दुसरी गोष्ट खरी मानायला मन तयार होत नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी ज्येष्ठांवरच्या अंकासाठी मी त्यांची मुलाखत घेतली. दोन दुपारी, त्यांच्या स्वयंपाकघरात. ती वही माझ्याकडे आहे. दुय्यम नटांबद्दल ते तपशिलात बोलले. मुख्य दोघांना नाव लिहिलेल्या खुर्च्या असत, बाकी सगळ्यांना मिळून एक लांब बाक. बाकावरच्या जागा ठरलेल्या. स्वयंपाकीण झालेल्या बाईंना अंडंसुद्धा उकडता येत नसे, त्या दिवसभर शब्दकोडी सोडवत. हमाल झालेला उंच नट पोटाच्या दुखण्यामुळे फक्त उकडलेले बटाटे खाई आणि आपले संवाद जिन्यात उभा राहून पाठ करी. बारा चित्रपट झाले तरी प्रेक्षकांना त्याचं खरं नाव माहीत नव्हतं. परेरांची जागा बाकाच्या टोकाला, मेकअपच्या खोलीच्या दाराजवळ. तिथेच का, हा प्रश्न माझ्या वहीत नाही. पुढे एक ओळ आहे: 'तो संध्याकाळी तोंड धुऊन निघाला की म्हणायचा, उद्या भेटू, भाऊ.' तो म्हणजे कोण, हेही मी विचारलेलं नाही.

मी राजेसाहेबांचे पाचही चित्रपट मिळवून पाहिले. राजेसाहेब म्हणून जो पडद्यावर येतो तो एक किडकिडीत इंग्रज आहे, तोंडाला सावळा रंग फासलेला. श्रेयनामावलीत परेरा हे नाव कुठेही नाही. गर्दीतही ते दिसत नाहीत. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तू नीट बघितलं नाहीस. परत बघ." मला ती टाळाटाळ वाटली. अंकात मी लिहिलं: 'चित्रपटांत काम केल्याचा परेरा यांचा दावा आहे. त्याला दुजोरा मिळू शकला नाही.' वाक्य नियमाप्रमाणे बरोबर होतं, 'दावा' हा शब्दही. अंक पोचला त्या दिवशी त्यांचा फोन आला.

"पेपरवाले, दुजोरा म्हणजे दुसऱ्या कुणी सांगायला पाहिजे, ना?"

"हो, अंकल."

"मग झालंच... ते सगळे मेले."

त्यानंतरही आम्ही बोलत राहिलो. क्रिकेट, लिंबाचं लोणचं, त्यांचा गुडघा. चित्रपटांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. ख्रिसमसच्या जेवणातही नाही.

मंगळवारी संध्याकाळी मी लवीनाकडे गेलो. वडिलांबद्दलची ही गोष्ट तिने पहिल्यांदाच सांगितली. ती सहावीत असताना रविवारी दुपारी टीव्हीवर त्यातला एक चित्रपट लागणार होता. तिने शाळेतल्या दोन मैत्रिणींना बोलावलं, आईने केक केला. राजेसाहेब पडद्यावर आले आणि मैत्रिणी आधी एकमेकींकडे, मग तिच्या वडिलांकडे पाहायला लागल्या. लवीना त्यांच्यादेखत म्हणाली, "यू लाइड." परेरा उठून अंगणात गेले. आईने तिला एवढंच सांगितलं की त्यांना त्यांच्या हाताबद्दल विचारायचं नाही. सिनेमाचा आणि हाताचा काय संबंध, हे तिला कळलं नाही, आणि आईनेही सांगितलं नाही. "मी त्यांना कधी सॉरी म्हटलं नाही," ती म्हणाली. "ते खोटं बोलत होते की नव्हते, मला फक्त एवढंच कळायला हवंय. तू चेक करतोस ना सगळं? मग चेक कर."

त्या सकाळी हॉस्पिटलात नर्सबरोबर तिने वडिलांचं अंग पुसलं होतं. उजव्या हातावर काहीही नव्हतं. डाग नाही, गोंदण नाही, भाजल्याची खूण नाही. कोपरापासून मनगटापर्यंत तो हात डाव्यापेक्षा उजळ होता, इतकंच.

बुधवारी तिने त्यांची गाडी रिकामी केली. समोरच्या खणात, रजिस्ट्रेशनच्या कागदांखाली एक जाड लिफाफा होता. त्यात पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं एक कार्ड. त्यावर छापलेल्या सहा चौकटी. पाच चौकटींत वाळलेल्या सावळ्या रंगाचा एकेक पट्टा, पाचही जवळजवळ सारखे, आणि प्रत्येकाखाली राजेसाहेबांच्या एकेका चित्रपटाचं नाव. सहावी चौकट रिकामी. वर शाईने, इंग्रजीत, दोन ओळी. त्यांचा अर्थ असा: 'राजेसाहेबांचा रंग: आय. पी.चा उजवा हात, कोपराखाली, याच्याशी जुळवणे. पुढच्या चित्रपटापर्यंत या हाताला ऊन लागू देऊ नये.'

मी विचारायचे ते प्रश्न विचारले. अक्षर परेरांचं नाही. ते सगळं कॅपिटलमध्ये लिहीत, हे त्यांचे जुने लिफाफे आणि बिलं पाहून मी ताडून घेतलं. तो स्टुडिओ बंद झाला आहे. चित्रपटांचे हक्क आता ज्यांच्याकडे आहेत त्यांनी पुढच्या आठवड्यात कळवलं की मेकअपच्या नोंदी जपलेल्या नाहीत. बाकावरच्या नटांपैकी कुणी हयात नाही. आय. पी. म्हणजे इनास परेराच, असं सांगणारा दुसरा माणूस मला मिळाला नाही. मालिकेत पुढे आणखी चित्रपट निघाले, पण राजेसाहेब त्यांत नाहीत. परेरांना हे कळलं होतं की नाही, ते माहीत नाही. ते उघडपणे का बोलले नाहीत, तेही माहीत नाही. पाचही चित्रपट मी परत पाहिले, या वेळी फक्त चेहऱ्याच्या रंगासाठी. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत तो बदललेला नाही.

गुरुवारी दुपारी फ्युनरल होममध्ये घरच्यांसाठी दर्शन होतं. लवीना आणि मी, दोघंच होतो. परेरांना पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला होता. दोन्ही बाह्या मनगटाशी बंद. तिने डावी दुमडली नाही, उजवी उघडली. पर्समधून कार्ड काढून हाताला टेकवलं आणि मला फोटो काढायला सांगितलं. रंग पन्नास वर्षांचा, हात त्र्याऐंशी वर्षांचा, आणि त्यात जीव नव्हता. म्हणून त्या फोटोला मी पुरावा म्हणत नाही. पाचवा पट्टा कुठे संपतो आणि हात कुठे सुरू होतो, ते त्यात पटकन दिसत नाही.

फोटोवरची वेळ तीन वाजून बारा मिनिटं आहे. त्यानंतर लवीनाने कार्ड त्यांच्या शर्टच्या खिशात ठेवलं, आधी डावी बाही कोपरापर्यंत दुमडली, मग उजवी मनगटापर्यंत खाली ओढली आणि कफाचं बटण लावलं.