विहिरीतून काढलेलं इंजिन

सुभेदारांनी इंजिन ट्रकमध्ये घालून सांगलीला आणलं, तेव्हा मी वर्कशॉपच्या दारात उभा होतो. ताडपत्री सोडली आणि कुजक्या गाळाचा वास आला. ज्या गाडीचं ते इंजिन, त्या गाडीत माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा बुडून मेला होता. सुभेदार त्याचे वडील.

मी मूळचा कुंडलचा. त्या काळात सांगलीत एका मेस्त्रींच्या हाताखाली फिटर होतो. आमच्याकडे बहुतेक पाण्याच्या पंपांची आणि ट्रॅक्टरची कामं यायची. बहीण दिली होती साताऱ्याच्या अलीकडं, मळ्यातल्या वस्तीवर. सुभेदार फौजेत गाड्यांच्या खात्यात होते. निवृत्त होताना त्यांनी छावणीतल्या एका साहेबाची जुनी विलायती मोटार घेतली होती. काळी, लांब नाकाची. मुलगा तिच्यावर जीव टाकायचा. फौजेच्या भरतीत तो दोनदा नापास झाला होता, नंतर साताऱ्यात एका कारखान्यात लागला, तोही बंद पडला. घरी असला की गाडी पुसत बसायचा. बोलायचा कमी.

मोठा दुष्काळ सरून विहिरी पुन्हा काठोकाठ भरल्या होत्या, त्या वर्षीची गोष्ट. दिवस मावळताना गाडी मळ्यातल्या विहिरीत गेली. तो आत होता. गावातल्या पोहणाऱ्या पोरांनी त्याला बाहेर काढलं, पण उशीर झाला होता. साखर कारखान्याची क्रेन आणून दुसऱ्या दिवशी गाडी वर ओढली. पंचनाम्यात आलं ते असं : गाडी उतारावर उभी होती, तो आत बसल्या बसल्या झोपला, हँडब्रेक सुटला. गियर न्यूट्रलला होता, चावी बंद होती. सगळ्यांनी ते मानलं. मीही मानलं.

आई बहिणीला कुंडलला आणायला गेली तर ती आली नाही. सासू आधीच गेलेली, मूलबाळ नव्हतं. म्हणाली, "मी आले तर मामंजीस्नी भाकरी कोन करून घालनार?"

गाडी वर्षभर वस्तीवर लिंबाखाली उभी होती. आता सुभेदार तिचं इंजिन नवं करून मागत होते.

मी म्हणालो, "आबा, कशाला? मोडीत घाला की."

"गाडी बंद हुबी हाय तवर लोक थांबून बघत्यात, पाव्हणं," ते म्हणाले. "रस्त्यानं जानारा थांबतो, गाडीकडं बघतो, मग विहिरीकडं बघतो. तुमची भन दारात आसती. गाडी चालू झाली की कोन बघत न्हाई."

मेस्त्रींनी काम घेतलं. सुभेदार वस्तीवर परत गेले.

इंजिन उघडायला फार त्रास झाला. नट गंजून एकजीव झाले होते. तेल ओतायचं, थांबायचं, ठोकायचं. वरचं झाकण, म्हणजे हेड, निघालं तेव्हा चारही सिलिंडर काळ्या चिखलानं बुजलेले दिसले. मी तो चिखल बोटांनी काढला. मेस्त्री म्हणाले, "तू बाजूला हो, मी काढतो," पण मला दुसऱ्यानं त्याला हात लावावा असं वाटेना. मीच काढत राहिलो.

पिस्टन लाकडी ठोकळा लावून खालून वर ठोकून काढले. पहिला सरळ आला. दुसरा अडला. तो निघाला तेव्हा त्याच्या खालचा कनेक्टिंग रॉड मेस्त्रींनी उजेडात धरला. रॉड वाकला होता. तिसऱ्याचाही तसाच.

मेस्त्रींनी दोन्ही रॉड बाकावर ठेवले. मग त्यांनी दुकानातल्या इतर माणसांना चहाला पाठवलं.

"तुला कळतंय का हे कशानं हुतं?"

मला कळत होतं. बंद इंजिन पाण्यात बुडलं तर गंजतं, एवढंच. रॉड वाकायला ते जोरात फिरत असावं लागतं. फिरतं इंजिन हवेच्या जागी पाणी ओढतं, पाणी दाबलं जात नाही, आणि वर येणारा रॉड मधेच वाकतो. म्हणजे गाडी घरंगळली नव्हती. ती चालवत नेली होती.

मेस्त्री म्हणाले, "म्या कुनाला सांगनार न्हाई. तुमच्या घरातलं हाय. सुभेदारास्नी काय सांगायचं ते तू ठरीव."

मला काहीच ठरवता आलं नाही. ब्लॉक बोअर केला, नवे लायनर बसवले, क्रँक घासून घेतला. हात कामात होते आणि डोळ्यांसमोर तो होता, स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवलेला. रॉड मी बाकाखाली गोणपाटात गुंडाळून ठेवले.

पंधरवड्यानं सुभेदार काम बघायला आले. चहा घेतला, ब्लॉकवरून हात फिरवला. मग सरळ विचारलं, "रॉड कुठं हायत?"

मेस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "गंजले हुते आबा. नवे घालतोय."

"काडा."

मी काढले. त्यांनी ते मांडीवर घेतले, वाकल्या जागी अंगठा ठेवला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"गाडी वर आली तवा दुसऱ्या गियरात हुती," ते म्हणाले. "पोलीस गाडीपाशी पोचायच्या आदी म्या आत हात घातला. न्यूट्रल केली, चावी बंद केली. लोकांस्नी वाटलं, बाप गाडीवर पडून रडतोय."

मेस्त्री उठून बाहेर गेले.

"म्हनून तर हितं आनलं. दुसऱ्या कुनाच्या हातानं कसं उघडू देनार?" मग माझा दंड धरून म्हणाले, "पोरीला कळता कामा न्हाई. तिला वाटंल, माज्यापायी गेला. शपत घ्या, पाव्हणं."

मी शपथ घेतली. पुण्याच्या जुन्या बाजारातून मेस्त्रींनी जुळणारे रॉड मिळवले. इंजिन तयार झालं आणि ते बसवायला मी ट्रकबरोबर वस्तीवर गेलो.

बहीण आधीपेक्षा वाळली होती. मी हात धुवायला मागच्या अंगणात गेलो तर तांब्या देताना हळूच म्हणाली, "दादा, आत काय घावलं?"

"गाळ. दुसरं काय आसनार?"

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मी चुलीपाशी हुते. गाडी चालू झालेली ऐकली. गियर बदलल्याला ऐकला, मग इंजिनचा आवाज लय चढला. कुनाला बोलले न्हाई. मामंजी फौजी मानूस, हे कळलं तर जगनार न्हाईत. तूबी बोलू नगंस, शब्द दे."

मी तोंडावर पाणी मारत राहिलो. एका घरात दोन माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवून वर्षभर जेवत होती. मी दोघांनाही शब्द देऊन बसलो.

तिसऱ्या प्रहरी गाडी सुरू केली. सुभेदार स्वतः आत बसले. इंजिन आधी खोकलं, धूर सोडला, मग लागलं. आवाज चांगला होता, अगदी एकसारखा. त्यांनी सवयीनं जरा रेस दिली.

बहीण दारात उभी होती. आवाज चढला तशी ती चौकटीला धरून खाली बसली आणि तिनं दोन्ही कानांवर हात गच्च दाबले.

सुभेदारांनी काचेतून ते पाहिलं. चावी बंद केली.  मग उतरून तिच्यापुढं उंबऱ्याशी बसले.

"पोरी, तू ऐकलं हुतंस?"

तिनं मान हलवली.

"सगळं?"

"व्हय, मामंजी."

ते रडले. मी त्यांना तेव्हाच एकदा रडताना पाहिलं, मुलाला सरणावर ठेवताना नव्हतं पाहिलं. बहीण त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि स्वतः मात्र कोरडीच होती. मी एसटी धरून सांगलीला परत आलो.

गाडी त्यांनी पुढं शिरवळच्या एका माणसाला देऊन टाकली. मुलानं असं का केलं हे कुणालाच कळलं नाही. दोघांनी आपापसात काय उकल केली असेल तर ती मला सांगितली नाही. काही वर्षांनी सुभेदार गेले आणि बहीण कुंडलला राहायला आली.

एकदा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली असताना तिनं मला विचारलं, "दादा, पान्यात गेल्यावर इंजिन कितीसं चालतं?"

"लगेच बंद पडतं."

"म्हंजे त्यास्नी मागं फिरावं वाटलं आसतं, तरीबी..."

 तिनं पुढची शेंग घेतली.