पाण्याच्या नळीतली पट्टी

हे मी आजवर कुणापुढे काढलं नाही — नवऱ्यापुढेही नाही. आज तुम्हाला का सांगतेय, तेही मला नीट कळलेलं नाही.

यवतमाळला एका प्रयोगशाळेत मी फळझाडांचे रोग तपासते. पान कुटायचं, त्यातला डीएनए काढायचा. त्यात रोगाच्या जिवाणूचा अंश असेल, तर पीसीआर यंत्र त्याच्या लाखो प्रती करतं आणि जेलवर, म्हणजे पारदर्शक लगद्याच्या वडीवर, एक उजळ पट्टी दिसते. डोळ्यांना न दिसणारा जीव असा हाती लागतो — नवल नाही का? मला तर अजून वाटतं.

दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरून गुलाबभाऊ संत्र्याची पिवळी पडलेली पानं घेऊन आले. म्हणाले, "ताई, झाड बिमार हाये का उपाशी हाये, तेवढं सांगा." किती नेमकं विचारलं! जस्त कमी पडलं तरी पान तसंच दिसतं, आणि ग्रीनिंग रोग झाला तरी तसंच. फक्त — रोगाला औषध नाही. झाड तोडावं लागतं, नाहीतर तो आजूबाजूला पसरतो.

जेलवर पट्टी आली. आमच्याकडे पहिलीच! मी खुर्चीवरून उठलेच. मग शेजारी पाहिलं. प्रत्येक तपासणीत एका नळीत नुसतं पाणी ठेवतात, तिथे काहीच दिसायला नको. तिथेही पट्टी होती. फिकट — पण होती. म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला रोगाचा डीएनए माझ्याच हातून कुठेतरी मिसळला होता. तपासणी बाद. पुन्हा करायची.

मी केली नाही. जेलच्या फोटोची पाण्याच्या नळीकडची कड कापली आणि अहवाल दिला. घाई होती का? नव्हती. साहेबांचा धाक? तोही नाही. मला तो रोग सापडायला हवा होता — मला, सगळ्यांच्या आधी.

"पक्कं हाये ना, ताई?"

"पक्कं," मी म्हणाले.

नऊ वर्षांची बत्तीस झाडं. आठवडाभरात तोडली त्यांनी.

दोन महिन्यांनी — कुतूहलच ते, गप्प बसेना — साहेब पुसदला गेलेले असताना मी फ्रीजरमधला उरलेला डीएनए काढला. तीनदा तपासला. पाण्याची नळी कोरी. गुलाबभाऊंचीही कोरी. रोग नव्हताच.

तरी मी गेले नाही त्यांच्याकडे. पुढच्या वर्षी दारव्ह्याच्या बाजारात तेच भेटले, बायकोसोबत. "येळेवर तोडले म्हनून शेजाऱ्याचा बगीचा वाचला, ताई," म्हणाले. त्यांच्या बायकोनं आग्रहानं चहा सांगितला.

मी तो सगळा प्यायले.