तिसऱ्या रंगाच्या खुणा

आज दुपारपासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून तुम्हालाच विचारते.

सुरतच्या ज्या कॉलेजात मी नव्वदच्या दशकात ग्राफिक्सचा कोर्स केला, तिथेच आज परीक्षक म्हणून गेले होते. स्क्रीन प्रिंटिंगचं प्रॅक्टिकल होतं. त्यात प्रत्येक रंगाची फिल्म वेगळी असते आणि कोपऱ्यातल्या खुणा जुळल्या की रंग बरोबर बसतात.

माझ्या परीक्षेत तीन रंगांचं फूल छापायचं होतं. मी फिल्म सुबक दिसावी म्हणून कडा कापल्या, आणि तिसऱ्या रंगाच्या खुणाच गेल्या! माझे पप्पा मिलमध्ये साड्या छापायचे. त्यांचं घरातलं अहिराणी बोलणं आठवलं, "एक पाकळी धर, बठ्ठं फूल बसी जाई." म्हणजे एक पाकळी जुळवली की अख्खं फूल बसतं. तिसरा रंग नुसत्या नजरेने छापला, आणि फूल बसलं.

परीक्षक सरांनी विचारलं, "निशान क्यां छे?" खुणा कुठे आहेत?

छापून झाल्यावर कागदाच्या कडा कापल्या, असं मी धडधडीत खोटं सांगितलं. वर्गात पहिली आले.

आज एका मुलीने नेमकी तीच चूक केली. तिचंही फूल नजरेनेच बसलं होतं. मी सरांचाच प्रश्न विचारला.

ती म्हणाली, "मॅडम, फिल्म कापताना चुकून गेल्या. अंदाजाने छापलंय."

खुणांशिवाय छापल्यामुळे नियमाने ती नापास होते. गुणपत्रिका उद्या सकाळी द्यायचीय आणि तिच्या नावापुढची जागा अजून कोरी आहे.

तिला किती द्यायचे ते मी बघेन. पण खरं सांगा, तेव्हा मला किती मिळायला हवे होते?