रुमालाखालचा भाव

वर्गात शिरले की गुरुजी खांद्यावरचा पंचा एखाद्या मुलाच्या हातावर टाकत, त्याखाली त्याची बोटं दाबत आणि विचारत, "सांग बाबू, काय भाव झाला?"

नवे पैसे नुकतेच चालू झाले होते. त्या काळी तुम्ही दारव्ह्याच्या कापूस बाजारात गेला असाल, तर शेतकऱ्याचा माल विकून देणारा अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली बोटांनी भाव ठरवताना पाहिले असतील. ज्याचा कापूस, तो शेजारी नुसता उभा. आमच्या हायस्कुलात अर्थशास्त्र शिकवणारे हे गृहस्थ मुलांना ती बोटं वाचायला शिकवत. मी गणिताचा मास्तर. म्हटलं, "अहो, हे परीक्षेत येत नाही."

"परीक्षेत नाही येत, मास्तर. बाजारात दर हंगामाले येते."

वर्गात मुलगी एकच. जवळच्या खेड्यातली, मामाकडे राहून शिकणारी. तिचा हात पंच्याखाली घेणं रीतीत बसत नव्हतं. ती वेगळ्या बाकावरून नुसती बघे, आणि बघून बघून मनगटाच्या हालचालीवरून भाव सांगू लागली. ते कौतुकानं म्हणत, "हिले फसवून दाखवा कोनी!"

एका बाजाराच्या दिवशी ती बापाच्या गाडीपाशी उभी होती. रुमालाखाली सौदा झाला. अडत्यानं बापाला कमी भाव सांगितला. पोरीनं खरा भाव सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगितला.

त्यानंतर अडत्यांनी त्या गावच्या एकाही गाडीला हात लावला नाही. दुपारी बाप शाळेत आला.

"गुरुजी, तुमचं शिकवनं खोटं नाही. पन साऱ्या गावाच्या गाड्या उभ्या हायेत. लोक म्हनतात, तुह्या पोरीनं मारलं आमाले."

गुरुजी उठले, थेट बाजारात गेले. मी मागोमाग होतो. अडत्यापुढे हात जोडून म्हणाले, "चूक माही आहे, शेटजी. पोरीवर राग धरू नका." गाड्या खाली झाल्या, अडत्यानं सांगितलेल्या भावानं.

पोरगी शाळेत परतली नाही. आठवड्यानं आम्ही दोघं तिच्या गावी गेलो. बाप बांधावरच भेटला. "यंदा वेचनीले मानसं नाहीत," एवढंच बोलला, तेही जमिनीकडे बघून. ती लांब पऱ्हाटीच्या तासात, कपाशीच्या दोन ओळींमध्ये, कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती. गुरुजींनी नावानं हाक मारली. तिचे हात थांबले. मग डोक्यावरचं फडकं पुढे ओढून ती पलीकडच्या तासात गेली.

गुरुजी बांधावरूनच मागे फिरले.

सत्र संपण्याआधीच ते नोकरी सोडून गेले. कुठे, ते मलाही सांगितलं नाही. अर्थशास्त्राचा तास माझ्याकडे आला. मी पुस्तक उघडून सांगे, भाव मागणी आणि पुरवठ्यावरून ठरतो. मुलं निमूट उतरवून घेत.