हिमालयातल्या जंतूंना पाचूबंदरचा बर्फ

दोष कुणाचा ते आधीच सांगून टाकतो. अशोकमामाचा. सख्खा मामा, कॉलेजात प्राध्यापक, आणि एक वाक्य संपवायला त्याला तास लागतो. मी मायक्रोबायोलॉजी दुसऱ्या वर्षाला सोडली ती असल्याच माणसांना कंटाळून. तरी माती मीच खाल्ली, ते कसं ऐका.

मोबाइल नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. मामाचे मित्र, आम्ही त्यांना सर म्हणायचो, हिमालयात बर्फाच्या कडेची माती उकरून त्यातले जंतू वाढवायचे. तिथल्या गारठ्यातही हे जंतू मातीत अडकलेला फॉस्फरस सोडवून रोपांना देतात. सरांनी त्यांचं खत केलं होतं. कामणला त्यांची लॅब निघणार होती. मामाने शब्द टाकला, "भाच्याकडे डिग्री नाही, पण डोकं आहे." सर म्हणाले, "एक प्रयोग नीट करून दाखवू दे, ठेवून घेतो."

प्रयोग काय, तर होळी गावात आईच्या मैत्रिणीच्या, मेरीमावशीच्या वाडीत भेंडीचे दोन वाफे. एकात खत, दुसऱ्यात नाही.

मामा खताचा पुडा घेऊन आला आणि हिमालय सांगत बसला. पाऊण तासाने मी ऐकणं सोडलं. तुम्ही ऐकलं असतं?

भर मे महिना. पाटातलं पाणीसुद्धा कोमट. बर्फात जन्मलेले जीव इथे दुपारपर्यंत तरी टिकतील? एवढा साधा विचार या प्रोफेसर लोकांना सुचत नाही. मी सायकल काढली आणि पाचूबंदर गाठलं. तिथे मासळीच्या पेटीतला कालचा बर्फ फुकट मिळायचा.

कोळीणबाईंनी विचारलं, "मासली कंची हाय?"

"मासळी नाही, जंतू आहेत."

"मंग फेकून दे की. बर्फ कशाला नासवतो?"

रोज सकाळी गोणभर बर्फ मी खताच्या वाफ्यात पसरायचो. चौथ्या दिवशी मांजरं आली. आठवड्यात अख्ख्या होळीची मांजरं तो वाफा उकरत होती.

मेरीमावशी दारातून म्हणाली, "बाबू, भेंडी लावलीस का बोंबील?"

"मावशी, हे सायन्स आहे."

"असंल. पन पानी खारट हाय. मी चाखलंय."

म्हातारीला काय कळतंय, असं म्हणून मी दुसरी गोण ओतली.

महिनाअखेरीला सर आले, मागे मामा. बिनखताची भेंडी गुडघ्यापर्यंत. खताच्या वाफ्यात चिखल, खवले आणि सात मांजरं. मी बर्फाची सगळी योजना ऐटीत समजावली.

सर शांतपणे म्हणाले, "अरे, थंडी त्यांना चालते. लागतेच असं नाही. इथल्या उकाड्यात ते काम करतात का, एवढंच मला बघायचं होतं."

मी मामावर उखडलो. "हे सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं की. शेवटी."

"पुड्यावर लिहिलंही होतं," सर म्हणाले.

पुडा मी वाचला नव्हता. दोन वर्षं शिकलेल्या माणसाने पुडे कसले वाचायचे?

आता मी पाचूबंदरला बर्फाच्या कारखान्यात आहे. मजेत आहे, मामा तिकडे फिरकत नाही. मेरीमावशी अजून भेंडी पाठवते, बिनखताची.

कामणच्या लॅबमधली नोकरी मला मिळाली नाही.